तळव्यांनी ढकललेला मुकुट

१

शू प्रांतातली सकाळ झिरपत येते. आधी डोंगराच्या कुशीतले धुके किंचित पातळ होते, जणू भाताच्या पेजेत कुणी आणखी एक वाटी पाणी ओतले. मग बांबूच्या बेटाला कडा फुटतात. मग मठाच्या अंगणातली एकेक फरशी निराळी दिसू लागते आणि दोन फरश्यांमधल्या भेगेत शेवाळाची हिरवी रेघ उमटते. हा उजेड कुठून येतो ते सांगता येत नाही. त्याला दिशा नसते, त्यामुळे सावलीही नसते. रांजणाच्या ओल्या काठावर, झाडूच्या दांड्यावर, ओसरीवर वाळत घातलेल्या मोज्यांवर तो सारखाच बसतो, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. नीलपक्षी मठाचा लेखनिक रुआन चिंग गेली सात वर्षे हा उजेड पाहत होता. चोविसाव्या वर्षी माणसाला ज्या गोष्टी हव्याशा वाटतात त्यांतले फारसे काही त्याच्यापाशी नव्हते. पण या वेळी ओसरीच्या पायरीवर बसले की काही नसल्याचे दुःखही अंगावरच्या जुन्या झग्यासारखे मऊ लागे.

त्या दिवशी मात्र धुके फाटले. पूर्वेच्या भिंतीवर पिवळ्या उजेडाचा हातभर पट्टा आला, आणि खाली गावातली कुत्री एकदम भुंकू लागली. शूच्या कुत्र्यांना सूर्याची ओळख नसते असे बाहेरचे लोक हसून म्हणतात, आणि ते खोटे नाही.

दिवस सातव्या महिन्याच्या सप्तमीचा होता. याच तिथीला पश्चिमेची देवी राणीमाता ढगांच्या रथातून हान सम्राटाच्या महालात उतरली होती, आणि याच तिथीला घरोघर पोथ्यांना ऊन दाखवतात. रुआनने अंगणात चटया अंथरल्या आणि चाळीस गुंडाळ्या ओळीने मांडल्या. सगळ्यांत शेवटी निळ्या जरीच्या वेष्टनातली एक. तिच्यात राणीमातेवरच्या तेरा कविता होत्या. अक्षर रुआनचे, रचना मठातल्या वृद्ध यान गुरुजींची. उद्या सकाळी प्रांतपालांचा माणूस ती न्यायला येणार होता. नगरातल्या मोठ्या देवळापुढे त्या कविता शिळेवर कोरल्या जायच्या होत्या, खाली गुरुजींच्या नावासह.

दुपारच्या घंटेआधी रुआनने ते वेष्टन सोडले आणि गुंडाळी उलगडली. पहिला ताव कोरा होता. दुसरा कोरा होता. तेरा तावांच्या त्या पिवळ्या लांबीवर एकही अक्षर नव्हते.

२

मठाच्या प्रमुख थान माई आरडाओरडा करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी दार लावून घेतले आणि शोध सुरू केला. अर्ध्या तासात गुंडाळी सापडलीसुद्धा. ओसरीच्या टोकाला, लुओ मावशींच्या सुताच्या टोपलीत, वाळक्या निळ्या लडींच्या खाली.

लुओ मावशी मठाच्या पताका विणीत. दक्षिणेच्या डोंगरांतून त्या केव्हा आल्या ते कुणाला नीट आठवत नव्हते. नगरातले उंच माग त्यांना मानवत नसत. जमिनीवर पाय पसरून बसायचे, ताणा गुंडाळलेला दांडा पायांच्या दोन्ही तळव्यांनी पुढे रेटून धरायचा, दुसरे टोक कमरेच्या पट्ट्याला, अशी त्यांची जुनी डोंगरी रीत. आताही त्या तशाच बसल्या होत्या.

"ही तुझ्या टोपलीत कशी आली?" थान माईंनी विचारले.

"ठाऊक नाही, माई."

"कुणाची आहे ही?"

मावशींनी गुंडाळीकडे एकदा पाहिले. "माझ्या टोपलीत आहे ना? मग माझीच असेल."

"बघा, बघा हिचा तोरा," चित्रकार फान म्हणाला. मठाच्या भिंती रंगवायला आलेला हा माणूस चार महिने झाले तरी जायचे नाव घेत नव्हता. "चोर तो चोर, वर शिरजोर."

"तुम्ही गप्प बसा हो. भात किती खाता आणि भिंत किती रंगवता, ते मी बघते रोज," मावशी म्हणाल्या, आणि धोटा पलीकडे सरकवला.

थान माईंनी खाली तालुक्याला निरोप पाठवला. देवळातल्या चोरीला तीस फटके आणि डोंगरावरून हकालपट्टी, असा कायदा होता. मावशींचे वय पंचावन्नच्या पुढचे होते. तीस फटके म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होते, आणि डोंगराखाली त्यांचे कुणी नव्हते हेही.

३

कोतवाल खोउ तिसऱ्या प्रहरी धापा टाकत वर आला. देह स्थूल, टोपी घामाने भिजलेली, बाहीत तिळाच्या चार भाकऱ्या. पायरीवर बसून त्याने पहिली भाकरी संपवली आणि मग रुआनला जवळ बोलावले.

"मला कवितेतलं ओ की ठो कळत नाही. तेव्हा तू माझ्याबरोबर राहायचंस. आधी मला एक सांग. चोर सापडला, माल सापडला. मग माझे गुडघे कशाला झिजवले?"

"माईंनी बोलावलं, साहेब."

"माईंना शिक्का हवाय. मला झोप हवी. पण ती येणार नाही." त्याने कोरी गुंडाळी मांडीवर घेतली. "चोरायचं तर उचलायचं आणि पळायचं. त्या जागी कोरा कागद ठेवायची मेहनत कशाला? आणि चोरलेली वस्तू दहा पावलांवर, स्वतःच्या टोपलीत? इतकी मूर्ख दिसते का ती बाई?"

रुआनने नकारार्थी मान हलवली.

"वेष्टन तूच सोडलंस ना? गाठ कशी होती?"

रुआन म्हणाला, "उलटी. मी उजवीकडून डावीकडे बांधतो. ती डावीकडून होती." आणि घाईने त्याने जोडले, "फान डावखुरे आहेत."

"अस्सं," कोतवाल म्हणाला.

फान भिंतीपुढे परातीत शेंदूर कालवत होता. हात कोपरापर्यंत लाल होते. "मी कशाला चोरीन? माझी चित्रं त्याच कवितांवर आहेत. त्या शिळेवर चढल्या की चित्रंही चढतील."

भिंतीवर राणीमाता होती. जुन्या पोथ्यांतली वाघाच्या दातांची, बिबट्याच्या शेपटीची, डोंगरात घुमणारी देवी फानला ठाऊक होती. पण तशी आता कुणाला नको होती. त्याची राणीमाता तीस वर्षांची, गोरीपान, भुवया धनुष्यासारख्या, मागे तीन हजार वर्षांनी फळणारे पीचचे झाड. बाजूला तिचे निरोप नेणारे निळे पक्षी. एक गोष्ट तेवढी विचित्र होती. तिचा मुकुट तिच्या पायांखाली होता आणि ती तो तुडवत होती.

"हे काय?" कोतवालाने विचारले.

"नववी कविता. गुरुजींची जुनी टीप आहे. राणीमाता रागावून मुकुट तुडवते, कारण तिला भेटून गेलेला मू राजा तीन वर्षांनी येतो म्हणाला आणि आलाच नाही."

"बायको माहेरी जाताना आमच्याकडे भांडी आपटते. देवींचंही तसंच म्हणायचं," कोतवाल म्हणाला. फान हसला. कोतवाल हसला नाही. तो फानच्या लाल बोटांकडे पाहत होता.

मग तो मावशींपाशी गेला. "हात दाखवा, मावशी." हात निळे होते. सकाळी लडी रंगातून काढल्या होत्या, नखांच्या मुळांपर्यंत नीळ भरलेली.

कोतवालाने दोन्ही गुंडाळ्या उन्हात धरल्या, लिहिलेली आणि कोरी. निळा डाग कुठेही नव्हता. लालही नव्हता. मग त्याने आपली घामेजलेली बोटे पाहिली. टोकांना पिवळे लागले होते.

"हा कोरा कागद नुकताच रंगवलाय. कीड लागू नये म्हणून झाडाची पिवळी साल उकळून रंगवतात तसा. कुणी रंगवला?"

"मी," रुआन म्हणाला. "मागच्या महिन्यात."

"ठेवला कुठे?"

"असा कागद मठात कुठेही असतो, साहेब."

कोतवालाने दुसरी भाकरी काढली, अर्धी त्याला दिली. रुआनने ती हातातच धरून ठेवली.

४

"नववी वाच," कोतवाल म्हणाला.

रुआनला तेराही पाठ होत्या. सात वर्षांपूर्वी, आई-वडील गेल्यावर, यान गुरुजींनी त्याला जवळ केले आणि पहिले काम दिले ते या कवितांच्या नकलेचे. त्यानंतर त्याने स्वतः जे काही लिहिले ते यांच्याच सावलीत. त्याने हळू आवाजात वाचले:

*मुकुट तळव्यांनी पुढे ढकलला,*
*एक वेढा सुटला.*
*खाली एक राज्य जुने झाले.*
*तिने वर पाहिले नाही.*

कोतवाल चावायचा थांबला. "पुन्हा म्हण."

रुआनने पुन्हा म्हटले.

"यात राग कुठे आहे?"

"गुरुजींच्या टिपेत—"

"टीप ठेव बाजूला. कवितेत कुठे आहे? वेढा कसला सुटला?"

सात वर्षांत हा प्रश्न रुआनने स्वतःला विचारला नव्हता. वेढा म्हणजे केसांचा असेल, असे तो धरून चालला होता.

"देवळातल्या जुन्या मूर्तीचा मुकुट कसा आहे? फानच्या चित्रातला फुलांचा नव्हे, जुना."

"आडवा दांडा. दोन्ही टोकांना चकती."

"माझा बाप माग दुरुस्त करायचा," कोतवाल म्हणाला. "मी त्याची हत्यारं वाहिली आहेत. आडवा दांडा, दोन्ही टोकांना चकत्या, ताणा घसरू नये म्हणून. राणीमातेच्या डोक्यावर मागाचा दांडा आहे, लेखनिक. जुन्या लोकांना ते ठाऊक असणार. ती जग विणते म्हणून तो तिच्या माथ्यावर. नगरातल्या मागावर तो लाकडी चौकटीत बसवतात. तळव्यांनी कोण ढकलतं?"

रुआनने ओसरीच्या टोकाकडे पाहिले नाही. पाहायची गरज नव्हती. तिकडून आवाज येत होता: दांडा पायांनी फिरवल्याचा, एक वेढा सुटल्याचा, मग धोट्याचा.

"ती बाई तुडवत नाहीये," कोतवाल म्हणाला. "काम करतेय. राजा आला नाही तर नाही आला. तिला कापड पुरं करायचंय. आणि हे ज्याने लिहिलं त्याला टीप लिहायची वेळ आली तेव्हा हे ठाऊक नव्हतं. असं कसं होईल रे?"

"कवी कधी कधी आपल्या ओळींपेक्षा लहान असतो, साहेब."

"असेल बाबा. चल, तुझ्या गुरुजींना भेटू."

यान गुरुजींच्या खोलीचे दार त्याच अंगणात उघडत होते. हिवाळ्यात अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात मांडीवर परक्याच्या वस्तूसारखा पडून असे. बोलणे तुटक झाले होते. कोतवालाने वाकून नमस्कार केला, बिछान्याशी बसला आणि कोपऱ्यातली पेटी उघडण्याची परवानगी मागितली. गुरुजींनी पापण्या मिटून ती दिली. पेटीत नव्या पिवळ्या कागदाची चळत होती. गुरुजींच्या अखेरच्या प्रार्थनेसाठी रुआनने रंगवून ठेवलेली. वीस ताव होते. आता सात उरले होते.

कोतवालाने गुरुजींचा डावा हात उचलून उताणा केला. बोटांची टोके पिवळी होती.

"सकाळी चटयांवरून तू कधी हललास?" त्याने रुआनला विचारले.

"एकदाच." रुआनचा आवाज खाली गेला. "गुरुजींनी कोमट पाणी मागितलं. मी स्वयंपाकघरात गेलो. परत आलो तेव्हा ते झोपले होते. धाप लागली होती. मला वाटलं, दुखणं."

"मावशी कुठे होत्या?"

"रंगाच्या हौदाशी."

मग गुरुजींनीच तोंड उघडले. शब्द एकेक करून आले. "नको... म्हटलं होतं. पाच वेळा."

५

थान माईंना बोलावण्यात आले. त्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या.

"पाच वेळा काय?" कोतवालाने विचारले.

"शिळेचा मान," माई म्हणाल्या. "गुरुजींनी नकार दिला, पण तो रीतीचा. मान तीनदा नाकारायचा असतो. प्रांतपालांनी तीनदा लिहिलं, गुरुजींनी तीनदा नको म्हणून कळवलं. सगळं यथासांग झालं."

"आणि चौथ्यांदा?"

माईंनी रुआनकडे पाहिले. उत्तर त्यालाच द्यावे लागले. "चौथ्यांदाही ते नको म्हणाले. मला वाटलं, मोजण्यात चुकले. म्हातारं माणूस. मी होकाराचं पत्र लिहिलं. मग पाचव्यांदा म्हणाले, तेव्हा पत्र गेलं होतं."

"म्हणजे माणूस मरायच्या वाटेवर घसा फोडून नको म्हणतोय, आणि तुम्ही दोघं बोटं मोजताय," कोतवाल म्हणाला. ते त्याने रागाने म्हटले नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागले. "ऐका, माई. गुरुजींनी गुंडाळी काढली आणि जिची होती तिच्या टोपलीत ठेवली. अंगणातली तेवढी वाट चालायला त्यांना किती कष्ट पडले असतील ते त्यांनाच ठाऊक. वेष्टन रिकामं दिसू नये म्हणून कोरे ताव चिकटवून आधीच तयार ठेवले होते, आणि एका हाताने गाठ मारली. ही चोरी नाही. घेतलेलं परत केलंय."

"जिची होती म्हणजे?" थान माई म्हणाल्या. "एक विणकरीण? प्रांतपालांना यान गुरुजींच्या कविता हव्या आहेत. डोंगरी बाईच्या ओव्या नकोत."

"तुम्ही बाई आहात, देवी बाई आहे, विणकरीण बाई आहे," कोतवाल म्हणाला. "मी फक्त मोजून दाखवतो."

माईंचा चेहरा किंचित हलला, पण सूर हलला नाही. "गुरुजींची वाणी झटक्यानंतर अशी झालीय. त्यांचं बोलणं उद्या वातात बरळल्याचं ठरेल. कागद आहे का काही? मूळ खर्डे?"

"खर्डे?" कोतवालाने रुआनकडे वळून विचारले.

"नक्कल झाल्यावर मी जाळले. लिहिलेला कागद पायदळी जाऊ नये म्हणून जाळतात तसे, देवळातल्या भट्टीत."

"मग पुरावा नाही," माई म्हणाल्या. "कोतवालसाहेब, तर्क तुमचा छान आहे. पण टोपली तिची, माल तिच्या टोपलीत. उद्या सकाळी पाहुणे यायच्या आत मला हे संपवायचंय."

कोतवाल ओसरीवर आला. मावशी विणत होत्या. त्याने खाली बसून सगळे सांगितले. तीस फटक्यांचेही सांगितले.

"या कविता तुमच्या, असं म्हणायला तुम्हाला अडचण काय?"

"कुणी विचारलं नाही," मावशी म्हणाल्या. "यान दादांना वाचायला दिल्या होत्या. त्यांना आवडल्या. मग त्यांनी त्या या पोराला दिल्या, पोराने सुंदर अक्षरात उतरवल्या, लोक आले, वा वा म्हणाले. यान दादा दोनदा माझ्याकडे सांगायला आले आणि दोन्हीदा हवापाण्याचं बोलून परत गेले. भित्रा माणूस. पण वाईट नव्हे."

"आता शिळेवर नाव हवंय?"

"नाव घेऊन काय करू? मला मार नको. आणि ही जागा सुटायला नको, इथे उजेड चांगला आहे." त्यांनी धोटा थांबवला. "आणि फानला सांगा, ती बाई मुकुट तुडवत नाही. चित्र बघितलं की माझं पित्त खवळतं."

कोतवालाने कागद आणि कुंचला त्यांच्यापुढे ठेवला. "एवढंच लिहून द्या. कविता माझ्या, म्हणून."

मावशींनी लिहिले. पताकांवर देणगीदारांची नावे विणायची तर त्यांचा आराखडा त्याच काढत. अक्षर ठसठशीत, उभ्या रेघा ताणलेल्या सुतासारख्या. कोतवालाने कागद रुआनपुढे धरला. रुआन बांबूच्या बेटाकडे पाहत राहिला.

"तू याकडे बघत नाहीयेस," कोतवाल म्हणाला.

"बघितलं."

"नाही. आल्यापासून मी तुझ्याबरोबर फिरतोय. गाठीचं विचारलं, तू फानचं नाव सांगितलंस. कागदाचं विचारलं, तू पेटी लपवलीस. टिपेचं विचारलं, तू गुरुजींना सांभाळून घेतलंस. मला आधी वाटलं, शिष्य आहे, राखतोय म्हाताऱ्याला. पण म्हाताऱ्याने तर स्वतःच कबूल केलं. मग तू अजून काय राखतोयस?"

ऊन भिंतीवरून उतरले होते आणि अंगणात पुन्हा तो बिनसावलीचा उजेड आला होता. रुआनला आठवले ते एवढेच: सतरा वर्षांचा एक मुलगा, ज्याला जगात कुणी नव्हते, आणि ज्याने एका संध्याकाळी ठरवले की इतके एकटेपण आणि इतकी शांतता एका पुरुषाने, आपल्याला ठेवून घेणाऱ्या या पुरुषाने, लिहून ठेवली आहे; म्हणजे आपल्यालाही ती कधी तरी लिहिता येईल. त्या ठरवण्यावर त्याने सात वर्षे काढली होती. ओसरीच्या टोकाशी कोण बसते, तिकडे न पाहता.

"माझं काय आहे," कोतवाल टोपी घालत म्हणाला, "खर्डे पाहिलेला माणूस एकच. तो म्हणाला अक्षर गुरुजींचं होतं, तर मी मावशींना खाली घेऊन जाईन. मला आवडणार नाही, पण नेईन. तो दुसरं काही म्हणाला, तर एकटाच उतरेन. उतार मला बरा पडतो. तुझ्या हातात अक्षर चांगलं आहे म्हणतात. लिही."

त्याने कागद पालथा केला आणि कोरी बाजू वर ठेवली. मावशी मागावर परत वळल्या होत्या. त्या कुणाची वाट पाहत नव्हत्या. थान माई ओसरीच्या खांबाशी येऊन उभ्या राहिल्या.

रुआनने शाई घोटली. पहिल्या ओळीत त्याने आपले नाव, गाव आणि मठातले काम लिहिले. दुसऱ्या ओळीत तिथी. मग कुंचला बराच वेळ वर राहिला, आणि मग त्याने लिहिले की सात वर्षांपूर्वी नकलेसाठी त्याच्या हाती आलेले ते तेरा कागद लुओ मावशींच्या अक्षरातले होते, आणि हे त्याला त्याच दिवशी कळले होते.